थरथर सर

जो माणूस दारात दिसला की घरातल्या बाया आधी गॅसचा लायटर पदराखाली लपवत आणि मग ‘या सर, बसा’ म्हणत, असा आमच्या भैंसा गावात एकच होता. पद्माकर कोंडलवार, आमच्या ज्युनियर कॉलेजातले फिजिक्सचे लेक्चरर. त्यांना चोर म्हणणं अन्यायाचं होईल. ते मागून न्यायचे, हसून न्यायचे आणि आठवणीनं परतही करायचे. फक्त परत आलेला लायटर नुसता टकटक वाजायचा, पेटवायचा काही नाही, कारण त्याच्या पोटातला खडा सरांच्या टेबलाच्या खणात मुक्कामाला गेलेला असे.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. गावात गॅस नुकताच आला होता आणि लायटर ही मिरवायची वस्तू होती. ती सरांनी एकेक करून निकामी केली. स्वतःच्या घरापासूनच सुरुवात केली, हा त्यांचा मोठेपणा. कोंडलवार वहिनी गॅस असूनही काडेपेटी वापरत आणि आल्यागेल्याला सांगत, “यायले माया संसारातली एक वस्तू धड दिसत नाही. उद्या मलेबी खोलून पाहतीन.”

त्या खड्यात एवढं काय होतं? सर चिमटीत धरून दाखवत. “हे पाहा, याले दाबलं का हा वीज देते. अन् याले वीज देली का हा अंग हालवते. दोन्हीकून काम करते. असा माणूस दाखवा मले स्टाफरूममधी.” आम्ही स्टाफरूममधलेच असल्यामुळे चहा पीत राहायचो.

पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं ‘थरथर सर’. जी वस्तू हलते, कापते, डुगडुगते, तिच्यावर सर तळहात ठेवत आणि डोळे मिटत. नाडी पाहणारे वैद्य परवडले, ते निदान माणसाची पाहतात. सर बसच्या खिडकीची पाहत, पिठाच्या गिरणीच्या भिंतीची पाहत. बसमध्ये शेजारच्या प्रवाशाला अनोळखी भाषेत बोलावं तसं ‘कंपनसंख्या’ वगैरे सांगत. तो बिचारा इचोड्याला उतरायचं असलं तरी आधीच उतरून जाई.

आणि त्यांचा तो प्रश्न! कोणतीही वस्तू ताठ उभी दिसली की सर विचारणार, “उभं हाय, पण काऊन उभं हाय?” एकदा जैनथला आमच्याच एका सहकाऱ्याच्या बहिणीचं लग्न होतं. अंतरपाट धरलेला, भटजींनी सूर लावलेला, आणि सर मांडवाच्या मधल्या बांबूवर हात ठेवून डोळे मिटून उभे. मंगलाष्टकं मध्यावर आली तेव्हा ते वधूपित्याच्या कानाशी लागले, “पाहुणे जरा बाजूले घ्या. हा बांबू विचार करून राह्यला.” वधूपित्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं की विचार करणं बांबूनंच थांबवलं असावं. मांडव पडला नाही. जेवणं झाली, मुलगी सासरी गेली, मांडववाला आपले बांबू मोजून घेऊन गेला. सरांनी ज्या ज्या वस्तूबद्दल धोक्याचा इशारा दिला, त्या सगळ्या उभ्या राहिल्या. भविष्य सांगणाऱ्याची इतकी वाईट कामगिरी मी दुसरीकडे पाहिली नाही.

आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट होतं. त्यात सरांनी जे उभं केलं ते मात्र, हसत का होईना, आम्ही सगळ्यांनी पाहिलं. हैदराबादला विद्यापीठाच्या लायब्ररीत बसून त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकातला लेख हातानं उतरवून आणला होता. तिथल्याच कोटी भागातल्या बाजारातून पितळी चकत्या आणल्या होत्या. लायटरमधल्या खड्याच्याच जातीच्या, खेळण्यात पीं पीं वाजतात तशा. फूटपट्टीएवढी, पण तिच्याहून पातळ अशी एक पोलादी पट्टी त्यांनी उभी केली, तिच्या दोन्ही अंगांना चकत्या चिकटवल्या, आणि जुना रेडिओ फोडून केलेला एक डबा तारांनी जोडला. पट्टीच्या डोक्यावर वजनं ठेवली. पट्टी कमरेत वाकली, जशी वाकायलाच हवी होती.

“आता पाहा,” म्हणत सरांनी डब्याचं बटण दाबलं. पट्टी सरळ करून पुन्हा तेवढीच वजनं ठेवली. पट्टी उभी! बारीक थरथरत, पण उभी. बटण बंद केलं, वाकली. सरळ करून चालू केलं, उभी.

“एक चकती सांगते, ‘मी वाकून राह्यली.’ दुसरी तिले उलटं ढकलते. वाकायच्या आत. समजलं का?”

समजलं होतं. खोटं कशाला बोलू, क्षणभर अंगावर काटा आला होता. पण कौतुक करायची आमच्या स्टाफरूममध्ये पद्धत नव्हती, म्हणून मी विचारलं, “सर, पट्टी हातानं धरली तर नाही का चालणार?”

“हात झोपते, मराठी,” सर म्हणाले. मी मराठी शिकवायचो म्हणून ते मला मराठीच म्हणत. इतिहासवाल्याला इतिहास म्हणत. नावं लक्षात ठेवण्याइतकी जागा त्यांच्या डोक्यात शिल्लक नव्हती.

इथवर सगळं निरुपद्रवी होतं. लायटर गेले तर काडेपेट्या होत्या. पण एका वर्षी कॉलेजच्या कमिटीचे अध्यक्ष नारायण शेठ यांनी आपल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, नव्या हंगामाच्या चहाला स्टाफला बोलावलं, आणि सरांचा तळहात जाऊन नेमका नको त्या वस्तूवर पडला.

जिनिंगच्या मागच्या शेडमध्ये एक माळा होता. वर सरकीची पोती रचलेली, खाली बाया मांडी घालून कपाशी निवडत बसलेल्या. पाला आणि किडक्या कापसाची कवडी वेगळी काढायची आणि पांढरा कापूस पुढे ढकलायचा. त्यांत अनसूयाबाई होत्या, त्या सकाळी आमच्याकडे भांडी घासून मग जिनिंगला जात. माळ्याखाली सावली असे, वारा असे, म्हणून ती जागा त्यांनी भांडून मिळवलेली होती. माळा लोखंडी पाइपांवर उभा होता. पाइप उंच आणि बारीक. शेठनी हंगाम वाढेल तसा माळा वाढवला होता, पाइप मात्र तेच.

सरांनी मधल्या पाइपावर हात ठेवला. डोळे मिटले. चहा गार झाला तरी उघडले नाहीत.

“शेठ, हा माळा उभा हाय. पण काऊन उभा हाय?”

“तुमच्या आशीर्वादानं,” शेठ म्हणाले. शेठ विनोदी माणूस होते. ज्याच्या हातात सगळ्यांचे पगार असतात त्याचे विनोद चांगलेच असतात.

“हसू नका. पाइप वाकते तवा आधी सांगत नाही. सरळ, सरळ, सरळ, अन् मंग एकदमच. खाली बाया बसल्या हायत.”

“सर, माळा माह्या बापाच्या वक्तापासून हाय. तुमी पोरायले शिकवा. माळ्याले शिकवू नका.”

आता कुणीही शहाणा माणूस इथं म्हणाला असता, शेठ, पाइपांना आडवे अँगल मारा, दोन माणसं आणि एक वेल्डर, दिवसाचं काम. परत येताना मी सरांना तेच म्हणालो. सर चिडले. “टेकू मुका असते, मराठी. लावला का लोक अजून पोती टाकतात. मंग तोबी वाकते. पाइपाले समज पाह्यजे.” आणि त्यांनी बेत सांगितला. प्रत्येक पाइपाला चकत्या लावायच्या, डबे जोडायचे, आणि पट्टी जशी उभी राहिली तसा माळा उभा राहील. एका फूटभर पट्टीला लागणाऱ्या चकत्यांचा हिशोब त्या दांडग्या पाइपांना लावला असता तर आख्ख्या हिंदुस्थानातली खेळणी मुकी झाली असती. मी तसं म्हणालोही. ते त्यांच्या कानावरून गेलं. बाया वाचाव्यात हे सरांना मनापासून हवं होतं. पण त्या आपल्या चकत्यांनी वाचाव्यात, हेही त्यांना तितक्याच मनापासून हवं होतं. माणूस भला असला म्हणून हट्टी नसतो असं थोडंच आहे?

दसऱ्याला जिनिंगच्या मशीनपूजेच्या वेळी पट्टी शेठना दाखवायची ठरली. आणि इथं आमच्या कॉलेजचा अटेंडर, म्हणजे शिपाई, लिंगन्ना कथेत येतो. लिंगन्ना देवभोळा आणि कामाला चोख. दसऱ्याला आमच्याकडे सगळी यंत्रं धुऊन पुसून पूजतात, ट्रॅक्टरपासून शिलाई मशीनपर्यंत. मग सरांचं यंत्र बिनआंघोळीचं कसं जाणार? त्यानं भल्या सकाळी तारा काढल्या, पट्टी नळाखाली धुतली, उन्हात वाळवली, एका अंगाला हळद आणि एका अंगाला कुंकू लावलं, झेंडूचं फूल खोवलं, आणि तारा पुन्हा जोडल्या. लाल तार कुंकवाच्या बाजूला, काळी हळदीच्या. दिसायला फार छान दिसत होतं.

त्या तारा उलट्या झाल्या होत्या. म्हणजे पट्टी जिकडे वाकू लागेल तिकडेच चकत्या तिला आणखी ढकलणार. सर थेट जिनिंगवर आले होते, यंत्र लिंगन्नानं डोक्यावरून आणलं होतं. हळदकुंकू बघून सरांचा चेहरा पडला, पण शेठ शेजारी, समोर गावातली चार मोठी माणसं, आणि पूजेचं मोडायचं कसं? त्यांनी वजनं ठेवली, बटण दाबलं.

पट्टी उभी राहिली नाही. अंगात आल्यासारखी घुमली, फटकन उलटी वळली, आणि वरचं वजन उडून पेढ्यांच्या ताटात पडलं. शेठच्या कपाळाला पेढा लागला.

“अय्यो, सार!” एवढंच लिंगन्ना म्हणाला.

शेठनी कपाळ पुसलं, पेढा खाल्ला आणि म्हणाले, “सर, माळ्यापेक्षा तुमची पट्टीच जास्त भ्याली.” मंडळी पोट धरून हसली. आम्ही स्टाफही हसलो. अध्यक्ष हसले की हसायचं असतं. सर एका क्षणात ओळखून होते काय झालं ते, कारण त्यांचा हात सरळ त्या तारांकडे गेला. लिंगन्ना भिंतीला चिकटून उभा होता. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, तारा सोडवल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “माझी चूक झाली. निघायच्या आधी एकदा पाह्यलं पाह्यजे होतं.” त्या माणसाबद्दल मला जर कधी मनापासून प्रेम वाटलं असेल तर त्या वेळी.

त्यानंतर चकत्यांनी माळा उभा ठेवायचा बेत सरांनी सोडला. कमिटीच्या दारात त्याबद्दल बोलायची सोय उरली नव्हती. पण ते गप्प बसतील तर ते कोंडलवार कसले? काही दिवसांनी ते एका मोडक्या टेपरेकॉर्डरचा, आवाजाबरोबर हलणारा काटा घेऊन जिनिंगवर गेले. मधल्या पाइपाला एकच चकती चिकटवली, तिची तार ओढून नेली आणि काटा बायांच्या समोरच्या भिंतीवर लावला. शेठना वाटलं, सरांचं डोकं फिरलंय, काटाच तर आहे, लावू दे. मोठ्या मनाचे होते.

सरांनी बायांना समजावलं. मीही तिथं होतो, कारण माझ्याकडे स्कूटर होती आणि सरांना फिरायला ती लागे. “पाइपाले अशी टिचकी मारायची. काटा थरथरला, घाईघाईनं, तर बरं. माळा ताकदीत हाय. वर पोती वाढली का काटा सुस्त होते. अन् जवा तो म्हशीच्या शेपटीवानी हळूहळू डुलाले लागंल, तवा उठून जायचं. सामान घ्याले थांबायचं नाही.”

“म्हणजे हाल्लं तर चांगलं अन् शांत झालं तर वाईट?” अनसूयाबाईंनी विचारलं.

“बरोबर.”

“आमच्या सासूवानी,” एक बाई म्हणाली, आणि शेड हसण्यानं भरून गेली.

त्या टिचकीचा बायांना नादच लागला. सकाळी बसताना एक टिचकी, जेवून उठताना एक. मुकादम ओरडे, “काम करा, घंटी नका वाजवू.” सरही दोनचार दिवसांनी चक्कर टाकत. कॉलेजात पोरं ‘सर, काटा कसा आहे?’ म्हणून चिडवत आणि सर गंभीरपणे उत्तर देत.

त्या हंगामात कापूस अमाप आला. सरकी न्यायला तेलगिरणीचे ट्रक येईनात. पोत्यांवर पोती चढली. एका दुपारी मला चालू वर्गातून अर्ध्यावरच ओढून काढत सर म्हणाले, “मराठी, स्कूटर काढा.” आम्ही शेडमध्ये शिरलो तेव्हा वर हमाल पोती टाकत होते आणि खाली बाया निवडत होत्या. अनसूयाबाई पाइपाला टिचकी मारून काट्याकडे बघत होत्या.

“सर, हा पाहा कसा करून राह्यला.”

काटा थरथरत नव्हता. इकडून तिकडे जात होता, थांबत होता, पुन्हा निघत होता. जेवण झालेल्या माणसासारखा निवांत.

सरांचा आवाज मी एवढा मोठा कधी ऐकला नव्हता. “उठा! उठा सगळ्या! वरच्यायनो, जिथं हाय तिथंच थांबा!”

बाया उठल्या. कापूस, डबे, चपला सगळं टाकून उन्हात आल्या. मुकादम धावत आला, “काय झालं? कोन म्हणलं उठाले? अर्ध्या दिवसाची रोजी कापीन एकेकीची!” सर मात्र माळ्याखालीच उभे. पाइपाला टिचकी मारत होते आणि काट्याकडे बघत होते. मी बाहेरून हाका मारत होतो. हिंमत असती तर आत गेलो असतो, असं म्हणायची पद्धत आहे. शेवटी अनसूयाबाईच परत आत गेल्या, त्यांनी सरांच्या शर्टाची मागची बाजू धरली आणि ओढत बाहेर आणलं. “तुमी काय पाइप हाय का वो? चला इकडं.”

शेठ आले. शेठबरोबर मिस्त्री आला. मिस्त्रीनं पाइपाला ओळंबा लावला. सगळ्यांनी पाहिलं. पाइप सरळ होता.

“सर?” शेठ म्हणाले. आता त्यांच्या बोलण्यात विनोद नव्हता.

“आता सरळच हाय. पुढच्या पोत्याले सरळ राहीलच असं नाही.”

“म्हणजे जे झालंच नाही त्याच्यासाठी तुमी माहं काम बंद पाडलं.”

शेठनी बायांना आत जायला सांगितलं. मुकादमानं सांगितलं. बाया उन्हात बसून राहिल्या. कुणी घोषणा दिली नाही, कुणी भांडलं नाही. अनसूयाबाई एवढंच म्हणाल्या, “पोती उतरवा. मंग बसतो. आमी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं, काटा डुलते.” दुसऱ्या दिवशीही त्या आल्या आणि उन्हातच बसल्या. हंगाम तोंडावर, कापूस अंगणात वाढतोय. शेवटी शेठनी पोती उतरवली, आणि बायांची समजूत पटावी म्हणून पाइपांना आडवे अँगलही मारले. दोन माणसं आणि एक वेल्डर, दिवसाचं काम. गावात शेठचं नाव झालं. बायकांच्या भोळ्या समजुतीलाही मान देणारा मालक!

कमिटीची बैठक झाली. कामगारांत घबराट पसरवल्याबद्दल सर बडतर्फ. निरोपसमारंभ झाला नाही, त्यामुळे आम्हा कुणालाही भाषण करावं लागलं नाही, ही कमिटीची आमच्यावर मेहेरबानीच. मला शेठचा राग आला, आमच्या सगळ्यांच्या गप्प बसण्याचा आला, आणि सरांचाही आला. निदान पाइप थोडा वाकेपर्यंत तरी थांबायचं! मग वाटलं, मी काय म्हणतो आहे? तेवढं थांबायला खाली कुणीतरी बसलेलं हवं होतं.

सरांना आदिलाबादकडच्या एका शाळेत काम मिळालं. ते निघाले त्या सकाळी मी बसस्टँडवर गेलो. वहिनी ट्रंका मोजत होत्या. सर खिडकीशी बसले होते, मांडीवर तो रेडिओचा डबा. जिनिंगच्या वाटेवरच्या पाचसात बाया डोक्यावर डबे घेऊन आल्या. त्यांतल्या अनसूयाबाई खिडकीखाली येऊन उभ्या राहिल्या.

“सर, एक गोष्ट इचारू का? रागावसान नाही ना?”

“इचारा, बाई.”

“तो माळा खरंच पडला असता का वो?”

सरांनी मांडीवरच्या डब्याचं बटण दाबलं, सोडलं. मला वाटलं, आता तरी म्हणावं त्यांनी, हो, पडला असता, तुम्ही सगळ्या गेल्या असत्या. त्या बायांनी तर ते लगेच मानलं असतं. त्यांच्याशिवाय मानणारं होतंच कोण?

“माहीत नाही, बाई,” सर म्हणाले. “खरंच माहीत नाही.”

अनसूयाबाईंनी डोक्यावरचा डबा सावरला.

“बरं झालं मंग,” त्या म्हणाल्या. “आमालेबी माहीत पडलं नाही.”

कंडक्टरनं घंटी मारली. बस वळणापर्यंत जाईतो सर मान खिडकीबाहेर काढून जिनिंगकडे चाललेल्या त्या बायांकडे बघत होते, आणि कंडक्टर आतून ‘मान आत घ्या’ म्हणून ओरडत होता.